एका धडधाकट प्रिंटरचं आजारपण

दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक विचारतं, "रफिकभाई, स्वस्तातला प्रिंटर कोणता?" मी उलट विचारतो, "घ्यायला स्वस्त पाहिजे की चालवायला?" इथं निम्मे लोक गोंधळतात. उरलेल्यांना वाटतं, मी महागातला गळ्यात मारायला बघतोय.

गोष्ट साधी आहे. घरगुती प्रिंटर मुख्यतः दोन जातींचे. एकात शाईची छोटी डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. हा प्रिंटर घ्यायला स्वस्त. पण डबी आगपेटीएवढी, आणि अशा तीन-चार डब्या आणल्या की त्या पैशांत दुसरा प्रिंटर आला असता. दुसरी जात टाकीवाल्यांची. तो घेताना जिवावर येतं, पण बाटलीतून शाई ओतली की महिनोन्‌महिने बघायला नको. एका पानाला किती पैसे पडले हे काढायचीही इच्छा होत नाही, इतकं कमी पडतं. वायफायवाला घेतला तर घरातल्या कुणीही मोबाईलवरून छापावं, तारांचं लचांड नाही. फक्त आठवड्यातून एक रंगीत पान काढायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात वापर नसला की शाई आतल्या आतच वाळते आणि मग माझ्याकडे यावं लागतं.

माझे अब्बा तहसीलसमोर टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, मी प्रिंटरकडे वळलो. दुकान पारोळ्याला. मोठा सुटा भाग लागला की एसटीने धुळ्याला नाहीतर जळगावला जायचं. तीस-पस्तीस वर्षांत तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने धूळ लागू नये म्हणून प्रिंटर प्लॅस्टिकमध्ये शिवून घेतला होता. कागद निघायला त्याने कात्रीने फट पाडली होती आणि कागद अडकतो अशी तक्रार होती. एका मास्तरांनी टाकीत दौतीतली शाई ओतली होती, कारण मुलांच्या वह्या ते त्याच शाईने तपासत आले होते. असल्या कामांत मला कधी कमीपणा वाटला नाही. बिघडलेलं यंत्र सुरू करून द्यायचं, एवढाच आपला धंदा.

पण एकदा मी एक चांगला चाललेला प्रिंटर बंद पाडला. त्याची ही हकिकत.

यमुनाअक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात. गावात टेलिफोन एक्स्चेंज होतं तेव्हा त्या तिथं ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल लावायचा तर अक्कांना सांगायचं आणि वाट बघत बसायचं. गावातली लग्नं, मयती, भांडणं, बदल्या, सगळ्याची खबर आधी अक्कांच्या कानावरून जायची. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या, एक्स्चेंज बंद झालं. पुण्याच्या भाच्याने व्हिडिओवर बोलता यावं म्हणून घरी इंटरनेट बसवून दिलं आणि आपला जुना कार्ट्रिजचा प्रिंटर इथं आणून टाकला.

अक्कांनी त्या प्रिंटरवर गल्लीसाठी एक पत्रक काढायला सुरुवात केली. पारोळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. कधी येणार हे पाणी सोडणाऱ्याला माहीत, आणि तो पूर्वी अक्कांच्या हाताखाली तारांचं काम करायचा. तेव्हा पहिली बातमी पाण्याची. मग बाकीच्या : "गिरणी आज बंद. गिरणीवाल्याची सासू आली आहे." "उद्या नळाला पाणी, सकाळी साडेसहा ते सव्वासात. मोटर लावणाऱ्यांनी लाज धरावी." अक्का मोबाईलमध्ये बोलायच्या आणि मोबाईल ते मराठीत लिहायचा. एकदा त्याने "नळाला राणी येणार" असं लिहिलं. अक्कांनी तसंच छापलं. दोघी बायकांनी सकाळी उठून नळापुढे सडा घातला, पण तो पाण्यासाठीच घातला असं त्या अजून सांगतात.

तोवर पत्रक आठवड्यातून एकदाच निघे, कारण डबी लवकर संपायची. एके दिवशी अक्का रिकामी डबी रुमालात बांधून माझ्याकडे आल्या.

"रफिक, हे मशीन शाई पितं की काय? मला असं दे, जे शाई कमी खाईल. ओट्यावर बसून मोबाईलवरून छापता आलं पाहिजे. गुडघ्याने सारखं उठवत नाही."

मी त्यांना टाकीवाला वायफाय प्रिंटर दिला. घरी नेऊन जोडला, मोबाईलला लावून दिला, शाई कशी ओतायची दाखवलं. मनात म्हटलं, अगदी योग्य गिऱ्हाईकाला योग्य वस्तू दिली. महिनाभरात पत्रक रोज निघायला लागलं. दोन महिन्यांनी संध्याकाळची आवृत्ती सुरू झाली. मग रंग आले. सात प्रती निघायच्या. नळाचा खांब, गिरणी, डेअरी, मारुतीचा पार, मशिदीजवळचं चहाचं दुकान, रेशनचं दुकान आणि सातवी अक्कांच्या स्वतःच्या दारावर.

गल्लीतले काही लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "रफिकभाई, शाई महाग होणार आहे का हो?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या आगपेटीएवढ्या डबीने इतके दिवस गल्लीला सांभाळलं होतं.

अक्कांच्या समोरच सुपडूनाना राहतात. निवृत्त पोस्टमन, बायको वारलेली, एकटेच. त्यांचं आणि अक्कांचं कधी जमलं नाही. नानांचं म्हणणं असं की, "मी आयुष्यभर गावाच्या चिठ्ठ्या वाटल्या, एक वाचली नाही. हिने मात्र सगळ्या गावाचं ऐकलं." तरीही पत्रक पहिल्यांदा तेच वाचायचे. चष्मा कपाळावर सरकवून, खांबाला नाक लावून.

एका संध्याकाळी नाना दुकानात आले. तक्रार एकच : अक्षरं बारीक आहेत.

"डोळा खांबले लागी जास," ते अहिराणीत म्हणाले. "तिले सांग, मोठं लिख म्हना."

दोन दिवसांनी रात्री मी जाऊन अक्कांच्या मोबाईलमध्ये अक्षरं मोठी करून दिली. अक्का काटकसरीसाठी पूर्ण कागद अर्धा कापून वापरायच्या, प्रिंटरलाही तेच माप दिलेलं होतं. अक्षर मोठं झालं की मजकूर अर्ध्या कागदात मावणार नाही, उरलेला पुढच्या कागदावर जाईल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना डोळे तपासायला धुळ्याला जायचं होतं. गाडी चुकू नये म्हणून त्यांनी घाईघाईने मजकूर सांगितला, सात प्रती सोडल्या. प्रिंटरने आधी पहिल्या पानाच्या सात प्रती काढल्या. अक्कांनी त्या उचलल्या, जाता जाता चिकटवल्या आणि बस गाठली. त्यांच्या मागे रिकाम्या घरात प्रिंटरने दुसऱ्या पानाच्या सात प्रती काढल्या.

खांबावरच्या कागदावर शेवटची ओळ होती : "समोरचे सुपडूनाना काल दुपारी अचानक गेले."

अक्कांच्या घरात, प्रिंटरच्या तोंडाशी पडलेल्या कागदावर होतं : "जळगावला, लेकीकडे. कुलूप दिसल्यास घाबरू नये."

गल्ली घाबरली. नानांच्या दाराला कुलूप होतं. कुणीतरी नानांना फोन लावला, तर तो घरातच वाजायला लागला. नाना मोबाईल चार्जिंगला लावून विसरून गेले होते, आणि लेकीचा नंबर त्या मोबाईलमध्येच होता. बंद घरात फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही, हे ऐकून दोन बायका तिथंच रडायला लागल्या. अक्कांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, त्यांना मोबाईलच दिसत नव्हता.

मग डेअरीवाल्याने डोकं लढवलं. अचानक गेले, घराला कुलूप आहे, म्हणजे दवाखान्यात नेलं असणार. लेक जळगावला, म्हणजे जळगावच्या दवाखान्यात. म्हणजे उद्या सकाळी इकडे आणतील. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल केलं पाहिजे. दुपारपर्यंत चौकात नानांचा फोटो असलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, त्यात नानांच्या डोक्यावर फेटा होता.

संध्याकाळी अक्का काळा चष्मा लावून परत आल्या. त्यांना धड काही दिसत नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अक्का, नाना गेले."

अक्का ओट्यावर मटकन बसल्या. त्यांना वाटलं, नाना जळगावला गेले आणि तिथं वारले. लोकांना वाटलं, अक्कांनी सकाळीच लिहिलं होतं, आता कशाला विचारायचं. बातमी कोणाकडून आली हे ना त्यांनी विचारलं, ना यांनी. त्या रात्री अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाविषयी पूर्ण पान लिहिलं. सकाळी ते खांबावर होतं. पोस्टमन म्हणून नाना कसे होते, पावसात पत्रं शर्टाच्या आत घालून कशी आणत, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं : "नाना स्वभावाने सरळ होते. मात्र नेलेली शिडी परत करत नसत."

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पंधरा-वीस जण नानांच्या घरासमोर बसलो होतो. बांबू आणून भिंतीला टेकवले होते. गाडी येण्याची वाट बघत होतो. मी अगदी कडेला होतो. माझ्या शेजारी कुणीतरी हळूच येऊन बसलं, पिशवी खाली ठेवली. भरताच्या वांग्यांची पिशवी होती, वरून देठ दिसत होते.

"कोन गया?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"नाना," मी मान खाली घालूनच म्हणालो.

"कोनता नाना?"

"सुपडूनाना."

आवाज ओळखीचा वाटला. म्हणून मी वर बघितलं. डोक्यावरची टोपी काढून, दुःखी चेहरा करून नाना माझ्याकडे बघत होते.

पुढचा अर्धा तास काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एका बाईने हातातला तांब्या टाकला. डेअरीवाला पळाला, तो कशासाठी पळाला हे त्यालाही माहीत नव्हतं. कुणी नानांना मिठी मारली, कुणी चिमटा काढला. अक्का घरातून आल्या, काळा चष्मा वर करून त्यांनी नानांना बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मग मी काल कशाला रडले?" त्यांच्या हातात दुसऱ्या पानाच्या सात प्रती होत्या. थेंबांमुळे रात्री दिसल्या नव्हत्या, त्या प्रिंटरच्या तोंडाशी आत्ता सापडल्या होत्या.

नाना हसले असते. खरंच हसले असते. पण ते खांबापाशी गेले आणि त्यांनी स्वतःवरचा मजकूर वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. अक्षरं चांगली मोठी होती.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते गिरणीवाल्याला आणि डेअरीवाल्याला घेऊनच.

"रफिक, माले सांग, मी मरेल शे का जित्ता शे?"

"जिवंत आहात, नाना."

"मंग शिडी मी परत करेल शे! बठ्ठ्या गल्लीनी वाचं ते!"

मेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. शिडीचं, आणि ते सगळ्या गल्लीने वाचल्याचं वाटलं होतं. शिवाय नाना दिसले की माणसं दचकत होती. पेन्शन जमा होते तिथल्या एका कारकुनाने त्यांना समोर बघूनही हयातीचा दाखला आणा म्हणून सांगितलं होतं. त्याची सासुरवाडी अक्कांच्याच गल्लीत होती. नानांनी अक्कांचा प्रिंटर बंद व्हावा असा अर्ज तयार केला होता. अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे ठरत नव्हतं म्हणून वरची जागा कोरी होती. त्याच्या पाच प्रती त्यांनी माझ्याकडूनच छापून घेतल्या.

मी म्हणालो, "नाना, माझं काम दुरुस्त करायचं आहे. बिघडवायचं नाही."

"तिले ते मशीन तूच दिधं ना? आते तूच बंद कर."

त्यांचं खरं होतं. स्वस्त शाईचा प्रिंटर मी दिला होता. अक्षरं मोठी मीच केली होती.  आपल्याच मयताला जाऊन बसलेला माणूस समोर उभा आहे, त्याला काय सांगायचं?

मी अक्कांच्या घरी गेलो. म्हटलं, त्या दुसऱ्या पानाचा घोळ झाला, एकदा बघून घेतो. प्रिंटर उघडला, आत बघितलं. इतका स्वच्छ ठेवलेला प्रिंटर मी तालुक्यात दुसरा पाहिला नाही. वरून हाताने शिवलेलं कापडी झाकण होतं. मी चेहरा गंभीर केला.

"अक्का, हेड गेलंय. धुळ्याला पाठवावं लागेल."

हेड म्हणजे ज्यातून शाई कागदावर उडते तो भाग. टाकीवाल्या प्रिंटरचं काळीजच म्हणा. ते गेलं म्हटलं की गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नाही. अक्कांनी पण विचारलं नाही. झाकण घालून दिलं आणि म्हणाल्या, "एसटीत मांडीवर घेऊन जा. खाली ठेवू नको."

मी तो दुकानात आणला, मागच्या फळीवर ठेवला. चार दिवसांनी माझा स्वतःचा प्रिंटर एका वकिलाच्या कामात गुंतला होता, म्हणून मी अक्कांचा सुरू केला. फार सुरेख चालायचा. मग रोजच वापरायला लागलो.

अक्का दर दोन-तीन दिवसांनी यायच्या. त्यांची चाहूल लागली की मी प्रिंटरवर पोतं टाकायचो. त्या बाकावर बसायच्या आणि विचारायच्या, "कसं आहे त्याचं?"

"भाग आला नाही अजून, अक्का."

"किती दिवस लागतील म्हणाले?"

"सांगता येत नाही."

मग त्या थोडा वेळ नुसत्या बसायच्या. पूर्वी बसल्या की बोलायच्या. आता बातम्या होत्या पण छापायच्या कुठं, म्हणून बोलायचंही सोडलं होतं. एकदा जाताना त्यांनी पिशवीतल्या डायरीतून एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर उद्याच्या पाण्याची वेळ लिहिली होती. "निदान तू तरी भरून घे," म्हणाल्या. मी घरी जाऊन ते शमीमला, माझ्या बायकोला, दाखवलं. प्रिंटर कुठं आहे हे तिला माहीत होतं.

"त्या बाईला तुम्ही मुकं केलंय," ती म्हणाली. आणि पाणी भरायला गेली.

इकडे गल्लीचे हाल सुरू झाले होते. लोकांचं दोन वेळा पाणी चुकलं. गिरणी बंद असल्याचं कळलं नाही म्हणून बायका डोक्यावर दळणं घेऊन जाऊन परत आल्या. पत्रक नसल्याने तोंडी बातम्या सुटल्या, आणि त्यांना कुणाचाच हिशेब नव्हता. डेअरीवाला दुकान विकून सुरतला चाललाय, हे त्याला स्वतःला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याने ते खोटं आहे असं सांगायला सुरुवात केली, तर लोक म्हणाले, "आतापासून नाही कशाला म्हणता, गिऱ्हाईक तुटेल म्हणून ना?" बिचारा माझ्याकडे येऊन म्हणाला, "रफिकभाई, अक्का असत्या तर दोन ओळीत खुलासा छापला असता."

अक्का असत्या तर. हे वाक्य तो आणखी कुठं कुठं बोलला, माहीत नाही. पण तीन आठवडे होत आले होते तेव्हा एके सकाळी गल्लीच्या खालच्या टोकाला बातमी पसरली की अक्का गेल्या. कारणही तयार होतं : पत्रक बंद आहे ना.

नाना तेव्हा पारावर बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत आली आणि ते उठून पळत सुटले. चपला पारापाशीच राहिल्या. पंचाहत्तरीचा माणूस, अनवाणी, भर गल्लीतून, "यमुने! यमुने!" ओरडत. अक्कांना नावाने हाक मारणारं दुसरं कुणी गावात उरलेलं नाही. मी दुकानातून बघितलं आणि मागोमाग धावलो.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

नाना समोर उभे राहिले. धाप लागली होती. 

"काय व्हयनं?" अक्कांनी विचारलं. एक्स्चेंजमध्ये राहून त्यांची भाषा साफ झाली होती, पण एकदम विचारलं की घरचीच यायची.

"काही नही," नाना म्हणाले. "पानी कधी येई, ते इचारानं व्हतं."

"परवा. सकाळी सहाला."

नाना वळले. मला बघून जवळ आले आणि माझा दंड धरला. "दी टाक ते मशीन," ते म्हणाले. "आजच्या आज दी टाक."

दुपारी मी प्रिंटर अक्कांच्या घरी नेला. सांगितलं, भाग बदलून आला, आता काही काळजी नाही. जागेवर ठेवला, जोडला. अक्कांनी वरचं कापडी झाकण काढलं, पोस्टाच्या पाकिटासारखी घडी घालून बाजूला ठेवलं. मोबाईल हातात घेतला आणि एक पान छापलं. मला वाटलं, पत्रक असेल. ते प्रिंटरचं स्वतःचं माहितीपत्रक होतं. कोणत्याही प्रिंटरमधून असं एक पान काढता येतं. जन्मल्यापासून त्याने किती पानं छापली, हेही त्यावर येतं. मी पस्तीस वर्षं या धंद्यात आहे, पण घरगुती गिऱ्हाईक ते पान काढून वाचतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

अक्कांनी डायरी उघडली. एक्स्चेंजमध्ये दर पाळीला कॉल मोजून लिहायची सवय होती, तशी त्या दर रविवारी प्रिंटरची पानं लिहून ठेवत होत्या. शेवटचा आकडा, मी प्रिंटर नेला त्या रविवारचा, त्यांनी बोटाने दाखवला. मग कागदावरचा आकडा दाखवला.

"रफिक," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात पडलेला पेशंट एकशे बारा पानं कसा चालला?"

 मी म्हणालो, "अक्का, तपासून बघताना..."

"तुले खोटं बोलता येत नही. पहिल्या दिवशीच आलं नव्हतं. हेड गेलंय म्हणताना तू टाकीकडे बघत होतास."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"एवढा चांगला माणूस खोटं बोलतोय म्हटल्यावर बघायचं होतं, किती दिवस बोलवतं तुझ्याने. दर दोन दिवसांनी येऊन तेच बघत होते."

मी सगळं सांगितलं. फक्त नानांचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "मला एकाने सांगितलं होतं." अक्कांनी हात वर करून थांबवलं.

"नाव नको. एक्स्चेंजमध्ये मी कधी नाव विचारलं नाही. नंबर विचारायचे." आणि खिडकीतून समोरच्या घराकडे बघून म्हणाल्या, "नंबर माहीत आहे."

मी माफी मागितली. पैसे घेणार नव्हतोच. पुढच्या वर्षभराची शाई माझ्याकडून, असंही म्हणालो. अक्कांनी ऐकून घेतलं. मग मोबाईल तोंडाजवळ धरला आणि स्पष्ट, सावकाश बोलायला लागल्या, जसा पूर्वी ट्रंककॉलचा नंबर दोनदा सांगायच्या तसं. बोलून झाल्यावर मोबाईल माझ्यापुढे केला.

"वाच. चूक असेल तर आत्ताच सांग. मागच्या वेळी घाई झाली होती."

मी वाचलं. "गावातील एका नामांकित प्रिंटर दुरुस्तीवाल्याने गल्लीतील एक धडधाकट प्रिंटर आजारी असल्याचे सांगून तीन आठवडे स्वतःच्या दुकानात कामाला जुंपला. त्याच्यावर एकशे बारा पाने छापली. प्रिंटरची प्रकृती उत्तम आहे. दुरुस्तीवाल्याला पश्चात्ताप झालेला दिसतो. पाणी परवा सकाळी सहा वाजता."

तीन आठवडे बरोबर होते. एकशे बारा बरोबर होते. पश्चात्तापही बरोबर होता. मजकूर एका कागदात मावतो का, तेही मी बघून घेतलं. मावत होता.

"एक शब्द काढा, अक्का," मी म्हणालो. "नामांकित. ते काही खरं नाही."

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत खरं होईल."

त्यांनी बटण दाबलं. प्रिंटरने एकदा घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि सातच्या सात प्रती काढल्या. अक्षर कसं ठसठशीत, एक रेघ तुटली नाही.